गौराक्कांचा दुसरा खंड

गौराक्का वाचायला बसल्या की पुस्तकाइतकंच लक्ष स्वतःच्या गुडघ्याकडे द्यायच्या. आधी डाव्या हाताचं बोट ओळीतल्या एका अक्षरावर ठेवायचं. मग तेच अक्षर त्या बोटाने गुडघ्यावर साडीवर गिरवायचं. गिरवून झालं की तोंडाने मोठ्याने म्हणायचं. मग पुढचं अक्षर. माझ्या बायकोने, सुनंदाने, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला वाटलं अक्कांच्या गुडघ्याला खाज सुटली आहे.

कळंब्यात आमच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या घरासमोर, दारापासून दारापर्यंत अकरा पावलं. त्या एसटीत कंडक्टर होत्या. बायका कंडक्टर म्हणून घ्यायला लागले त्या सुरुवातीच्या तुकडीतल्या. नोकरीची बहुतेक वर्षं कोल्हापूर-गारगोटी मार्गावर गेली. माहेर सीमेकडचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचा. आवाज मात्र अस्सल कोल्हापूरचा. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं 'मी येतो, मी जातो' असंच बोलायच्या, आणि एवढ्या जोरात बोलायच्या की गल्लीच्या तोंडाला असलेल्या माणसाला वाटावं, आपल्यालाच हाक मारली. नवरा लवकर गेला. लेक निपाणीला दिलेली.

वाचनाचा नाद त्यांना नोकरीच्या शेवटच्या वर्षी लागला, तोही अपघाताने. कोणीतरी उतारू गाडीत एक जाडजूड पुस्तक विसरला. चार खंडांच्या एका अद्भुत कादंबरीचा तो पहिला खंड होता. कुठल्याच नकाशात नसलेले देश, खिंडी, किल्ले, चालत दुसरीकडे निघून जाणाऱ्या नद्या, असं सगळं त्यात होतं. गारगोटी स्टँडवर गाडी थांबली होती तेवढ्या वेळात अक्कांनी तो उघडला. नियमाप्रमाणे त्यांनी पुस्तक त्याच दिवशी डेपोत जमा केलं. पण तोवर बावीस पानं वाचून झाली होती. पुढच्या सुट्टीत त्या शहरात गेल्या आणि स्वतःची प्रत विकत आणली. मी म्हणालो, "अक्का, ही पोरांची पुस्तकं." तर म्हणाल्या, "पोरांची असती तर एवढी जाड असती व्हय? पंचवीस वर्सं मी एकाच रस्त्यानं गेलतो. आता जरा दुसऱ्या रस्त्यानं जातो की."

निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिला खंड दोनदा वाचला आणि दुसऱ्याची मागणी दुकानात नोंदवून ठेवली. तो यायच्या नऊ दिवस आधी त्यांना पक्षाघाताचा झटका आला.

जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं. उजवा हात आणि पाय अशक्त झाले, ते काही महिन्यांत बरेचसे सुधारले. पण वाचन गेलं. हे आम्हाला कोणालाच आधी समजेना. दिसत तर होतं. समोरच्या कडुलिंबावरचा पोपट त्या दाखवायच्या. स्वतःचं नाव डाव्या हाताने लिहायच्याही. पण आपणच लिहिलेलं नाव त्यांना वाचता येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूतली वाचण्याची जागा दुखावली आहे. प्रयत्न केला तर थोडंफार परत येईल, कदाचित येणारही नाही. सुरुवात लहान मुलांच्या अंकलिपीपासून करा.

लेकीने अंकलिपी आणली. अक्कांनी ती न उघडता बाजूला ठेवली. "कमळ, बदक वाचायला मी काय बालवाडीत हाय? ते दुकानात आलेलं पुस्तक आना."

"अक्का, सातशे चार पानं आहेत," मी म्हणालो.

"मग? कुठं जायची घाई हाय मला?"

तो खंड मीच आणला. मी दूध संस्थेत फॅटच्या नोंदी ठेवतो. दशांश चिन्हानंतरचा आकडा चुकला तर मला जेवण जात नाही. पुस्तक मी घरच्या काट्यावर ठेवून बघितलं, एक किलो चाळीस ग्रॅम. संध्याकाळी कामावरून आलो की पाच ते सहा मी त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, बसायचं, त्यांनी मोठ्याने वाचायचं आणि मी वहीत नोंद करायची, असं ठरलं. तारीख, ओळी, किती ठिकाणी अडखळल्या, असे तीन रकाने पाडले.

पहिल्या दिवशी तीन शब्द झाले. ओळ पूर्ण झाली नाही. पहिल्या पानाला एकोणीस दिवस लागले. जोडाक्षर आलं की गुडघ्यावर दोन-दोनदा गिरवूनही जमायचं नाही. मग त्या चिडून पुस्तकावर थाप मारायच्या आणि कानडीत काहीतरी पुटपुटायच्या. पण पुस्तक मिटायच्या नाहीत. मी एकदा पुढचा शब्द सांगून टाकला. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की तिकीट न काढता बसलेल्या माणसाला कसं वाटत असेल ते मला कळलं.

"चौगुलं, वाचतंय कोण? तुमी का मी?"

"तुम्ही."

"मग गप लिवत बसा."

त्यांची आणखी एक अट होती. पानाचा आकडा सांगायचा नाही. किती झालं, किती राहिलं, हे त्यांना ऐकायचं नव्हतं. "उतारूला पुढचा थांबा सांगतोय आमी. गारगोटी अजून किती लांब हाय ते सांगाय लागलो तर म्हातारी माणसं कळंब्यातच उतरतील." एसटीत अंतर टप्प्यांनी मोजतात, सहा किलोमीटरचा एक टप्पा. तसेच पुस्तकाचे टप्पे पाडायचे असं त्यांनी फर्मावलं, सहा पानांचा एक. मी एका सुट्टीच्या दिवशी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापल्या, दर तीन कागद मोजून एक पट्टी घातली. एकशे सतरा पट्ट्या झाल्या आणि शेवटी एक कागद उरला. म्हणजे तीनशे बावन्न कागद, सातशे चार पानं. हिशोब तंतोतंत बसला म्हणून मी खूश झालो. त्या वेळी मी काय चूक केली ते मला तेरा महिन्यांनी समजलं.

शंभरावं पान आलं तेव्हा पाच महिने झाले होते. एव्हाना त्या अर्धा शब्द गिरवून उरलेला अंदाजाने म्हणायला लागल्या होत्या. कादंबरीतली परकी नावं त्यांना जमत नसत, म्हणून त्यांनी ती बदलून टाकली. वेझदार नावाचा एक जुलमी राजा होता, त्याला त्या 'डेपो मॅनेजर' म्हणायच्या. "आज डेपो मॅनेजरनं नदी अडवली बगा." गोष्टीची नायिका ओल्मीरा ही एक धनगराची मुलगी. तिचं नाव मात्र त्यांनी बदललं नाही. जोडाक्षर असूनही एका दमात वाचता आलेलं ते त्यांचं पहिलं नाव, हे कारण असावं.

एकदा वाचता वाचता थांबून त्यांनी मला विचारलं, "चौगुलं, ओल्मीराच्या हातात काय हाय सांगा."

मी वहीत बघितलं.

"तलवार?" मी म्हणालो.

"घंटा हाय, घंटा! दोनशे पानं ती पोरगी घंटा घिऊन चाललीया. तुमी बसता तरी कशाला हितं?"

मी वही पुढे केली. अडखळण्याचं प्रमाण पहिल्या महिन्यात दर ओळीला चार होतं, ते आता दर तीन ओळींना एक झालं होतं. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "सुनंदा," त्यांनी आमच्या घराकडे तोंड करून आवाज दिला, "ह्या मानसाला एखांद्या दिवशी गोष्ट ऐकाय शिकीव गं!"

तेराव्या महिन्यात ओल्मीरा एका खिंडीत पोचली. बर्फाचा वारा, मागे डेपो मॅनेजरचं सैन्य, पुढे खिंडीचं बंद दार. दाराच्या आत तिची माणसं. अक्का त्या आठवड्यात रोज चार-चार पानं वाचत होत्या. ती आली दारापाशी, घंटा वर उचलली, आणि पान संपलं. अक्कांनी समोरच्या पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, वाचायला लागल्या. आणि थांबल्या.

"हे मी वाचलंय."

मी वहीतून डोकं वर काढलं नाही. "तसं वाटतं अक्का. चढणीची वर्णनं सारखीच असतात."

त्यांनी पुढे वाचलं. दोन पानं झाल्यावर पुन्हा म्हणाल्या, "चौगुलं, ही पोरगी ही खिंड चढून आलती. परत कशी खाली गेली?"

"थकला असाल. आज इथंच थांबवू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तीन पानांनंतर त्यांनी पुस्तक मिटलं. एवढ्या महिन्यांत त्यांनी वेळेआधी पुस्तक मिटलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. आवाजही नेहमीसारखा नव्हता. "माजी सासू अशीच. तीच गोष्ट दिसातनं दहांदा सांगायची. माजं सुरू झालं."

मी पुन्हा तेच सांगितलं, की डोक्याला विश्रांती हवी. सुनंदानेही तसंच सांगितलं. आम्ही चांगल्या मनाने बोललो यात शंका नाही. त्या ऐकून घेत राहिल्या. मग पुस्तक जुन्या ओढणीत बांधून माझ्या हातात दिलं. "घिऊन जावा. हितं ठेवू नगासा."

त्यानंतर बारा दिवस अक्का वाचायला बसल्या नाहीत. लेक येऊन बघून गेली. पुन्हा डॉक्टरांना दाखवलं, त्यांना नवीन काही सापडलं नाही. अक्का दारात बसायच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे पाठ करायच्या.

गुरुवारी माझी साप्ताहिक सुट्टी असते. बाराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी वही पूर्ण करायला बसलो. काम अर्ध्यावर सुटलं तरी बेरीज राहू देऊ नये, ही माझी सवय. शेवटची नोंद कुठल्या पानावर संपली ते लिहावं म्हणून ओढणी सोडली आणि आम्ही थांबलो होतो तिथे पुस्तक उघडलं. पानाच्या कोपऱ्यातला आकडा बघितला, चारशे एकोणसत्तर. असं कसं? वाचन थांबायच्या आधीच तर चारशे सत्तरच्या पुढे गेलो होतो. मागे गेलो. चारशे ऐंशी होतं. आणि चारशे ऐंशीच्या समोरच्या पानावर चारशे पासष्ट.

मी तीनदा तपासलं. चारशे पासष्ट ते चारशे ऐंशी ही सोळा पानं पुस्तकात दोनदा होती. चारशे एक्याऐंशी ते चारशे शहाण्णव नव्हतीच. बांधणी करताना सोळा पानांचा एक गठ्ठा चुकून दोनदा घातला गेला होता आणि पुढचा राहून गेला होता. सोळा जास्त, सोळा कमी, म्हणून एकूण कागद तीनशे बावन्नच भरले. मी कागद मोजले होते. आकडे वाचले नव्हते.

अक्का मेथी निवडत होत्या. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं आणि अट मोडून पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली, आकडा गुडघ्यावर गिरवला. "चार. आठ. पूज्य." मग समोरच्या पानावर. "चार. सहा. पाच."

दोन्ही आकडे त्यांनी पुन्हा एकदा गिरवले.

"म्हंजे मी बरोबर होतो," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बरोबर होता."

"आणि तुमी मला गप बशीवलं."

ज्या बाईला वर्षभर प्रत्येक अक्षर झगडून परत मिळवावं लागलं, तिने अक्षरन् अक्षर बरोबर वाचलं होतं, बरोबर लक्षात ठेवलं होतं, आणि मी वही घेऊन शेजारी बसून तिला सांगत होतो की तुझं डोकं थकलंय.

"बारा दिस मी माज्या डोस्क्याला शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. "अन् चुकलं कोन तर पुस्तक! आकड्याची मानसं म्हनं." मग मेथी बाजूला सारून ताठ बसल्या. "ती सोळा पानं कुटं हायत?"

मी दुकानात गेलो. दुकानदार सरळ माणूस, म्हणाला प्रत बदलून देतो, पण ही परत पाठवावी लागेल, नवी यायला महिना-दीड महिना. अक्कांनी साफ नकार दिला. त्या प्रतीत त्यांच्या एकशे सतरा पट्ट्या होत्या. शेवटी दुकानदारानेच चौकशी करून सांगितलं, हा खंड घेतलेले एक निवृत्त शिक्षक गारगोटीत आहेत, मगदूम नावाचे. त्यांना फोन केला. त्यांच्या प्रतीत ती सोळा पानं होती. भल्या माणसाने लगेच सगळ्या पानांचे फोटो मोबाइलवर पाठवले. मी ते अक्कांना दाखवले. त्यांनी काचेवर बोट ठेवलं तर पान सरकून भलतीकडेच गेलं.

"कागदावर छापून आणतो," मी म्हणालो.

"नगं. तितं पुस्तक हाय न्हवं? मग जाऊ या की. माज्याच रस्त्यावर हाय ते."

झटक्यानंतर त्या गल्लीच्या बाहेर रिक्षाशिवाय गेल्या नव्हत्या. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघं कळंब्याच्या थांब्यावर उभे होतो, त्यांच्या डाव्या हातात काठी, माझ्या पिशवीत एक किलो चाळीस ग्रॅमचं पुस्तक. लांबून एसटी दिसली. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "गप. पाटी मी वाचतो."

काठी मला दिली आणि डावं बोट मांडीवर फिरवायला लागल्या. गाडी आली, थोडी हळू झाली, कोणी हात केला नाही म्हणून निघून गेली. त्यांचं पहिलं अक्षर नुकतंच झालं होतं.

"ती गारगोटीच हुती न्हवं?" त्यांनी विचारलं.

"होती."

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुम्ही गप म्हणालात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या जवळजवळ तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसल्या. "शानं झालासा, चौगुलं."

पुढच्या गाडीला पस्तीस मिनिटं लागली. तिची पाटी त्यांनी बोट न फिरवता वाचली. एकदम, सगळी, गल्ली ऐकेल अशा आवाजात: "गारगोटी!" गाडीतल्या माणसांनी खिडकीतून डोकी बाहेर काढली. त्यांना वाटलं असेल, आजीला फारच घाई दिसते.

मगदूम सर दारातच उभे होते. "या पावणं, या." चहा झाला. त्यांनी पुस्तक काढून पान उघडून दिलं आणि उत्साहात म्हणाले, "अहो, त्या दारामागं काय असतं माहितीये का..." अक्कांनी हात वर केला. "सर, मी आत जायच्या आदी आतलं सांगू नगासा." सर चूप बसले. मला वाटतं, जन्मभर पोरांना गप्प बसवलेल्या माणसाला असं कोणी पहिल्यांदाच बसवलं असेल.

त्या दिवशी तीन पानं झाली. पुढच्या गुरुवारी चार, त्यापुढच्या चार, चौथ्या गुरुवारी पाच. शेवटच्या पाच पानांत ओल्मीरा पुन्हा घंटा वाजवते, आतून कोणी येत नाही, ती दार ढकलते, ठोठावते, आणि मग तिचा हात लागतो. दाराची कडी बाहेरच्या बाजूला, तिच्याच बाजूला असते.

अक्का पुस्तक मांडीवर ठेवून हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात. "एवढं रडली, एवढं थंडीत कुडकुडली, अन् कडी हिच्याच बाजूला! मी असतो तर पयल्यांदा कडी बगितली असती." येताना गाडीत मुदाळ तिट्टा आला तेव्हा त्यांनी तो थांबा कंडक्टरच्या आधी पुकारला.

उरलेलं पुस्तक त्यांनी अडीच महिन्यांत संपवलं. सातशे चारावं पान झालं त्या संध्याकाळी मी वहीत शेवटची ओळ लिहिली आणि खाली दुहेरी रेघ मारली. त्यांनी पुस्तक मिटून माझ्यापुढे सरकवलं. "आता तुमी वाचा."

"पहिला खंड वाचलेला नाही मी."

"मधल्या थांब्यावर चढनारी मानसं काय कमी असत्यात? चढायचं, जागा मिळंल तितं बसायचं. कळतंय हळूहळू."

मी 'वाचतो' म्हणालो, पुस्तक त्यांच्याच सोप्यात ठेवून आलो आणि वाचलं नाही. वर्षाची अखेर होती, नोंदी होत्या, सबबी होत्या.

गेल्या थंडीत एका सकाळी गौराक्का गेल्या, दुसऱ्या झटक्याने. तिसऱ्या खंडाची मागणी दुकानात त्यांच्या नावावर तशीच होती. आठवड्याने लेक घर आवरायला आली, तेव्हा ओढणीत बांधलेला तो खंड तिने माझ्या हातात दिला. "आईनं सांगून ठेवलं होतं, हे समोर द्यायचं म्हणून."

त्यानंतर मी रोज पाच ते सहा वाचतो. वही घेत नाही. पट्ट्या होत्या तशा आहेत. सुरुवातीला कोण कुठला काही समजेना, मग हळूहळू समजायला लागलं. घंटा पहिल्यांदा चौदाव्या पानावर येते. मी तिथे हजर होतो, ओळी मोजत.

परवा चारशे ऐंशीवं पान आलं. संपलं, तर समोर चारशे पासष्ट. ती सोळा पानं सोडून पुढे जाता आलं असतं. मी ती पुन्हा वाचली, शेवटपर्यंत, ओल्मीराबरोबर तीच खिंड दुसऱ्यांदा चढलो. मग मगदूम सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "या. पुस्तक काढून ठेवतो."

आज गुरुवार. नऊ वाजता कळंब्याच्या थांब्यावर गेलो. पहिलीच गाडी आली, पाटी वाचली, हात केला. कंडक्टर बाई तरुण होत्या. कुठे, विचारलं. गारगोटी, म्हणालो. माझ्या हातातल्या जाड पुस्तकाकडे बघून त्या म्हणाल्या, "एवढं मोठं बाड घिऊन कुटं निगालासा काका?"

"ह्यातली सोळा पानं तिथं आहेत," मी म्हणालो, आणि सरकून खिडकीशी बसलो.